ज्याची चूक, त्यानंच टांगायची

शेवंताबाई,

रविवारी, तुमी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला, मांडवात मला उभं केलं. "कमलबाई, तुमी सतरा वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसल्या, चार शब्द बोला," असं म्हणून माइक तोंडाशी आणला. मी बोलले नाही. बोलताच आलं नाही. माझं तोंड बंद राहावं म्हणून तुमी एकदा पैज लावली होती, आठवतं का? म्हणाल्या, "दहा मिनिटं गप्प बसल्या तर पांढऱ्या दोऱ्याचं अख्खं रीळ तुमचं." मी तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, "झाली का वो दहा मिनिटं?" आणि रीळ गेलं. ती मी, रविवारी पदर तोंडाला लावून खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण नुसतं दुःख नव्हतं.

मांडवातल्या भाषणांत तुमी मला कुठं सापडल्या नाहीत. कुणी त्यागमूर्ती म्हणालं, कुणी दीपस्तंभ म्हणालं. बोलणाऱ्या साहेबांच्या सदऱ्याची कॉलर एका अंगाला चढली होती आणि माझं सगळं ध्यान तिकडं. तुमी असत्या तर तुमचंही तिथंच गेलं असतं. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या असत्या, "कमलबाई, कुणी बेतली असंल वो ही?" मी वळून बघितलं, तर बाजूची खुर्ची दुसऱ्याच कुणाची.

म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आहे, ते तुमाला ठाऊक आहे. शाळेत मी कधी गेले नाही. आपल्या मापांच्या चिठ्ठ्यांवरून आणि फळ्यावरून अक्षरं जमवली. छाती, उंची, बाही, हे माझे पहिले शब्द. त्यामुळं या लिहिण्याला शेंडाबुडखा नसला तर समजून घ्या.

मानवतला जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागची ती शिवणकेंद्राची खोली. कापसाच्या दिवसांत हवेत तूस उडायचं, आमी शिंकत शिंकत गणवेश शिवायचो. तेव्हा तीनच मशिनी होत्या. नवरा गेल्यावर मी पहिल्यांदा घराबाहेर कामाला पडले, ती तिथं. मी पाटलांच्या भावकीतली, तुमी बौद्धवाड्यातल्या, आणि प्रमुख तुमी. दारात उभी राहिले तर पाय आत पडेना. तुमी दाराजवळच्या मशीनवर होत्या. ती मशीन बैलगाडीच्या आखासारखी कुरकुरायची. तुमी न उठताच म्हणाल्या, "या. ती खिडकीजवळची नवी मशीन तुमची."

मला वाटलं, मोठ्या घरची म्हणून मान दिला. दोन महिन्यांनी नजमा आली, शिंप्याच्या घरची, माझ्यापेक्षा चांगलं शिवणारी. तर मला उठवून ती मशीन तिला. मी फुगले. तुमी म्हणाल्या, "नवं माणूस आधीच भ्यालेलं असतं. त्यात मशीन अडली की त्याला वाटतं, आपलंच चुकलं. म्हणून नवीला चांगली मशीन. तुमी आता जुन्या झाल्या, कमलबाई. आनंद माना." चौदा बाया झालो तरी कुरकुरती मशीन तुमचीच राहिली. आमी म्हणायचो तेल घाला. तुमी म्हणायच्या, "घातलं तर मी बसलेय का नाही ते कळायचं कसं तुमाला?"

आता कळत नाही, शेवंताबाई. खोलीत पाय ठेवला की पहिल्यांदा कान तिकडं जातो.

आणि ती खुंटी. भिंतीवर एकच मोठी लाकडी खुंटी आणि तिच्यावर पांढरा सदरा. मी तिसऱ्या दिवशी नीट बघितला, तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

"हा कुणी शिवला?"

"मी."

"मग टांगला कशाला? उसवून नीट करायचा की."

"सदरा नीट करता यील. पण मग तुमाला कसं कळंल, मीबी चुकते म्हणून?"

तोच आपला नियम झाला. जिच्या हातून बिघडलं तिनं आपल्या हातानं ते खुंटीवर टांगायचं, मोठ्यानं म्हणायचं, "ही माझी." मग सगळ्यांनी पोटभर हसून घ्यायचं. हसणं संपलं की तुमी म्हणायच्या, "चला, उसवू या." आणि सगळ्या मिळून त्या कपड्याला बसायच्या. बिघडवणारीनं तेवढं गप्प बसायचं, तिचे टाके बाकीच्यांनी उसवायचे. मी एकदा खाकी चड्डीला खिसा आतून न लावता बाहेरून उलटा लावला. नजमा म्हणाली, "काकू, या पोरानं गोट्या ठेवल्या की हेडमास्तरच्या पायात." तुमी इतक्या हसल्या की चष्मा पडला.

दुसऱ्या शिवणकामाच्या ठिकाणीही मी चार दिवस राहून बघितलं आहे. तिथं बिघडलेलं कापड लपवायला बायांनी परकराचे नेफे उसवले होते. आपल्याकडं लपवायची गरज नव्हती. एवढाच फरक, पण त्या एवढ्या फरकासाठी मी पावसात चिखल तुडवत यायचे.

फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या. पाण्याची पाळी, झाडायची पाळी, हसवायची पाळी. सोमवारी झाडायची पाळी तुमची, कधी चुकली नाही. दुपारी भाकरी सोडली की जिची हसवायची पाळी, तिनं उभं राहायचं. नजमा एसटीचा कंडक्टर करायची. बोरीची पार्वती नवऱ्याच्या घोरण्याचे चार प्रकार करून दाखवायची. मी माझ्या सासूला आणायची. सासू जिवंत असताना जेवढी नाही, तेवढी तिथं कामाला आली. दाराजवळ रांजण, त्यावर एकच ग्लास. चौदाजणींचा एक. पाणी भरायची पाळी जिची, तिनं ग्लास घासायचा.

इथवर हात सरळ चालला. इथून पुढं थांबत थांबत लिहितेय.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या पावसाळ्यातली गोष्ट. गावागावांतून काय काय कानावर यायचं ते तुमाला सांगायला नको. तेव्हा माझ्या रुक्मिणीचं जमत आलेलं. मुलाची आत्या बघायला आली होती. पोहे खाता खाता तिनं विचारलं, "ताई, तुमच्या कामाच्या ठिकाणी पाणी कुणाच्या हातचं पितात?" मी एका श्वासात म्हणाले, "मी माझा पेला नेते."

नेत नव्हते. खोटं बोलले होते. आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं मी खरं केलं. घरातला पितळी पेला पिशवीत घातला, वर कापडाचा तुकडा टाकला. तहान लागली की "पाय मोकळे करून येते" म्हणून जिनिंगच्या मागच्या हापशावर जायचे. एका हातानं हापसायचं, दुसऱ्या हातानं पेला धरायचा. पाणी अर्धं लुगड्यावर. परत येऊन मशीनवर बसायचे, आणि तुमी लुगड्याच्या ओल्या निऱ्यांकडं बघायच्या.

एकदा एवढंच म्हणाल्या, "हल्ली तुमाला रांजणाची तहान लागत न्हाई, कमलबाई."

मी म्हणाले, "पोट बरं न्हाई."

"जपा पोटाला," तुमी म्हणाल्या, आणि कुरकुर चालू झाली.

मग तो दिवस. तुमच्या भावाचं घर जाळलं गेलं. भाऊ, भावजय, दोन लेकरं अंगावरच्या कपड्यानिशी तुमच्याकडं आलेली. आमाला वाटलं, आज केंद्र बंद. तुमी रोजच्या वेळेला आल्या, कुलूप काढलं, मशीन पुसली, बसल्या. आणि फळ्यावर, हसवायच्या पाळीपुढं, तुमचंच नाव. आठ दिवस आधी लिहिलेलं. कुणी तरी पुसायला पाहिजे होतं. कुणाला सुचलं नाही.

दुपारी भाकरी सोडल्यावर तुमी उभ्या राहिल्या.

"आज माझी पाळी हाय," तुमी म्हणाल्या. "पण मला आज जमायचं न्हाई. आज तुमी कुणीतरी मला हसवा."

पार्वती घास हातात धरून बसली. नजमानं मान खाली घातली. आणि मी, शेवंताबाई, माझ्याजवळ शंभर गोष्टी होत्या. सासूची एक होती, ती कुणालाच सांगितली नव्हती, तुमच्यासाठीच ठेवली होती. उठावं म्हणून मी पाय सरकवला, तर पायाशी ठेवलेल्या पिशवीत पेला कात्रीवर आपटला. टण्ण. त्या शांततेत देवळातली घंटा वाजावी तसा. तुमी माझ्या पायाकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. मी उठले नाही.

"बरं," तुमी म्हणाल्या. "उद्या हसू. लागा कामाला."

त्या आठवड्यात तीन बाया यायच्या बंद झाल्या. घरच्यांनी मना केलं. तुमी त्यांच्या मशिनी रोज सकाळी पुसायच्या, वर फडकं घालायच्या, फळ्यावरची त्यांची नावं तशीच. मी म्हणाले, "पुसा की नावं, जागा तरी होईल." तुमी म्हणाल्या, "पाळी हाय त्यांची. येतील." महिन्यानं दोघी आल्या, दारात घुटमळायल्या. तुमी मान वर न करता म्हणाल्या, "पाण्याची पाळी राहिली हाय तुमची. दोघींची मिळून आठ." त्या रडता रडता हसल्या आणि घागर उचलली. मी बघत होते. यांना एवढं सोपं झालं, मला का होत नाही? त्या सगळ्यांसमोर गेल्या होत्या, म्हणून सगळ्यांसमोर येता आलं. मी तर गेलेच नव्हते. रोज तुमच्या शेजारी बसत होते.

तुमच्या भाच्यांसाठी आमी उरलेल्या तुकड्यांतून कपडे शिवले. मी एक झबलं केलं, गळ्याला निळी गोट लावून. तुमी ते उलटं करून आतले टाके बघितले. "लय सुबक केलं, कमलबाई." पेला पिशवीत ठेवूनही असलं झबलं शिवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून मी माझ्या हातकामाचं कौतुक मनाला लावून घेत नाही.

रुक्मिणीच्या लग्नाची चोळी तुमीच शिवली. आमंत्रण द्यायला आले तेव्हा माझी जीभ अडखळली. तुमी लगेच म्हणाल्या, "त्या दिवशी सेलूच्या शाळेचा माल द्यायचाय वो, मला यायला जमंल का न्हाई..." सेलूचा माल त्या दिवशी नव्हता. मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तुमाला ठाऊक होतं. तुमी माझी अडचण माझ्या हातातून काढून घेतली, आणि मी ती देऊन टाकली. हलकं वाटलं मला! त्याची लाज अजून जात नाही.

लग्न पार पडलं आणि पेला फडताळात गेला. नंतर एका उन्हाळ्याच्या दुपारी मी रांजणाजवळ गेले, ग्लास भरला, गटागटा प्याले. पाठीमागून कुरकुर थांबली.

"आज तहान लागली वाटतं."

"लागली."

मशीन पुन्हा चालू. तेवढंच.

पण तुमचं माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे. सरस्वती नवी होती. तिनं पाच परकर एक वीत आखूड कापले आणि ते तुकडे ताग्याखाली दडवले. मी बघितलं. तुमाला येऊन म्हणाले, "तिचे तुकडे काढून टांगा खुंटीवर. नियम म्हणजे नियम."

"जिची चूक तिनंच टांगायची. आपण न्हाई."

"आणि न्हाई टांगली तर? बघणाऱ्यानं बघून गप्प बसायचं? मग कसला नियम? हे तुमचं चुकायलंय, शेवंताबाई. तुमी माणसं बिघडवता."

मी चांगलीच तापले होते. तुमी चष्मा काढला, पदरानं पुसला. म्हणाल्या, "बघितलेलं बोलायला लागले तर मला लय बोलावं लागंल, कमलबाई."

तुमी पुन्हा चष्मा लावला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दहा दिवसांनी सरस्वतीनं आपण होऊन ते तुकडे टांगले, हुंदके देत. आमी हसलो, उसवू या म्हणालो, उसवायला काही नव्हतं म्हणून त्याच्या टोप्या केल्या. तुमी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकदा बघितलं असतं तर मी भांडण हरले असते आणि मोकळी झाले असते. तुमी जिंकायचंच टाळलं.

मला अजून वाटतं, शेवंताबाई, की त्यात तुमचं थोडं चुकलं. मला एकदा रागवायला पाहिजे होतं. चौदाजणींत उभं करून विचारायला पाहिजे होतं, "काय वो, पिशवीत काय हाय?" तुमी वाट बघितली. वाट बघणाऱ्या माणसापुढं उभं राहणं लय अवघड असतं. रागावणाऱ्यावर निदान उलटं रागावता येतं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटायला आले. विद्यापीठाचा नामविस्तार झाल्याला थोडेच दिवस झाले होते. तुमचं तोंड एवढंसं झालेलं, पण डोळे तेच. म्हणाल्या, "बघा वो, एवढ्या वर्षांनी काय केलं? नाव नवं न्हाई शिवलं. पोरीच्या परकराची दुमड सोडून लांब करतो तसं केलं." मी हसले. तुमीही हसल्या, मग खोकला आला. "पण घातलं तर अंगात," तुमी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत घातलं." आणि डोळे मिटून घेतले. भावाच्या घराचं काही बोलल्या नाहीत. भिंतीकडं तोंड केलं.

मग म्हणाल्या, "खुंटी रिकामी हाय का?"

"तुमचा सदरा हाय की."

"त्याच्याशेजारी."

"रिकामी हाय."

"राहू द्या," तुमी म्हणाल्या. "पाणी द्या जरा."

पेला माझ्या पिशवीत होता. खरंच होता. त्या दिवशी फडताळातून काढून, चिंचेनं घासून, मी तो मुद्दाम आणला होता. त्यातूनच तुमाला पाणी द्यायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं एसटीत बसल्यापासून मनाशी घोकत आले होते. हात पिशवीत गेला. पितळ बोटांना गार लागलं. आणि मी दवाखान्याचा स्टीलचा ग्लास उचलला. त्यातून पाजलं तुमाला. तुमी दोन घोट घेतले, माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, "बास."

काय बास? पाणी बास, का वाट बघणं बास? हे आता कुणाला विचारू?

काल सोमवार. नजमा प्रमुख झाली आहे. कुरकुरती मशीन तिनं घेतली नाही, कुणीच घेतली नाही, फडकं घालून ठेवली आहे. सकाळी झाडू कुणी घ्यायचा म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघायल्या, शेवटी चौघींनी एकदम घेतला. हसवायच्या पाळीपुढं जागा कोरी. मी खडूनं माझं नाव लिहिलं. कमल. तीन अक्षरं, तुमीच शिकवलेली.

दुपारी भाकरी सोडल्यावर उभी राहिले. पेल्याला गणवेशाच्या निळ्या कापडाची पट्टी बांधून आणला होता. तो तुमच्या दोन डाव्या बाह्यांच्या सदऱ्याशेजारी टांगला. म्हणाले, "ही माझी." आणि सांगितलं. रुक्मिणीला बघायला आलेली मुलाची आत्या, हापसा, ओल्या निऱ्या, ती टण्ण, सेलूचा नसलेला माल, दवाखाना. पाळी हसवायची होती आणि मी रडत होते. नव्या पोरींना तर रांजणाचं पाणी कुणी न पिण्यासारखं काय असतं, तेच कळेना. जुन्या सगळ्या खाली बघायल्या.

नियमानं आता हसायचं असतं. कुणी हसेना. हसून झालं की तुमी म्हणायचं असतं, "चला, उसवू या." मी दाराजवळच्या मशीनकडं बघत उभी राहिले, जणू तुमी म्हणणारच आहात.

सरस्वती उठली. खुंटीपाशी गेली, पेला बोटानं हलवला. भीत भीत म्हणाली, "काकू, याला शिवण कुठं असती वो? उसवायचा कसा?"

आणि फुटलं हसू. नजमा हसली, पार्वती हसली, नव्या पोरी कशाला हसायचं ते न कळताच हसल्या. मीही हसले, नाक पुसत. सगळ्याजणींचं हसणं होतं, भरपूर होतं, पण मला त्यातलं एक कमी ऐकू येत होतं. सरस्वतीनं रांजणातून ग्लास भरून माझ्या हातात दिला. मी प्याले. मग सगळ्या आपापल्या मशीनवर गेल्या.

तुमी असत्या तर पेला खुंटीवरून काढला असता. चष्मा कपाळावर चढवून, उजेडाकडं धरून, फिरवून फिरवून बघितला असता. पेल्याला शिवण नसते, शेवंताबाई, मला कळतं. पण तुमाला सापडली असती.

सगळ्या गेल्यावर मी तो खाली काढून मांडीवर घेऊन बसले. तुमच्या मशीनशेजारी. अजून शोधायलेय.